ओवाळणीचं पाणी

शिवरात्र झाली आणि खोल्यांच्या लाईनीतल्या बोअरनं राम म्हटला. दोन दिवस नुसती हवा फेकली, तिसऱ्या दिवशी थोडा चिखल ओकला, मग मोटर गुरगुरायचीही थांबली. घरमालकानं येऊन वर बघितलं, खाली बघितलं, 'चूद्दाम' म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. चूद्दाम म्हणजे बघू. कुकटपल्लीत बारा वर्षं काढूनही कुसुमला तेलुगू बेतानंच यायचं, पण हा शब्द तिला पुरता कळत होता. बघू म्हणून गेलेला माणूस पावसाळ्यापर्यंत तोंड दाखवत नाही.

कारखान्यांच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याच्या सहा खोल्या. त्यातली चौथी कुसुमची. नवरा हिम्मतराव पलीकडच्या गल्लीत लेथवर कामाला, दिवसपाळी. मुलगी त्रिवेणी नववीत, इंग्रजी शाळेत. कुसुम स्वतः घरात चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापायची आणि अकराच्या आत चौकातल्या मेसवाल्याला पोचवायची. रोजच्या ऐंशी भाकरी. पीठ मळायला पाणी, तव्यावर भाकरीवर फिरवायला पाणी, परात धुवायला पाणी. टँकर चौथ्या दिवशी यायचा, तोही रस्त्याच्या तोंडाशी उभा राहायचा, आणि मग बायकांची जी झोंबाझोंबी व्हायची तिच्यात एकदा कुसुमच्या हातातली काचेची बांगडी फुटून मनगटात रुतली होती.

तरीही कुसुमचं घर कोरडं पडलं नाही, ते मुकुंदरावामुळं.

मुकुंदराव समोरच्या पाच मजली अपार्टमेंटचा वॉचमन. देगलूरकडचा, कुसुमच्या माहेरापासून तीन कोसांवरच्या गावचा. पन्नाशी उलटलेला, बायको नाही, जिन्याखालच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक माठ एवढाच संसार. त्याची बहीण बाळंतपणात गेलेली. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला तो गेटवर एकटाच खुर्ची टाकून बसलेला कुसुमनं बघितला आणि तिला राहवलं नाही. घरी जाऊन ताट केलं, निरांजन लावलं, रस्ता ओलांडून आली आणि तिथंच गेटमध्ये त्याला ओवाळलं. बिचाऱ्याची अशी तारांबळ उडाली की टोपी काढावी की ठेवावी हेच त्याला सुचेना.

दर वर्षी तो ताटात काहीतरी घालायचा. गेल्या दिवाळीला त्याच्याकडं काहीच नव्हतं. ताटाकडं बघत तो म्हणाला, "ताई, माझ्याकडं द्यायला एवढा नळ हाय बघ. बागंतला. कधी पाण्याची अडचण आली तर भावाच्या दारात ये. हीच ओवाळणी समज."

कुसुमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. सख्ख्या भावांनी दहा वर्षांत साधी विचारपूस केली नव्हती.

तर बोअर आटल्यावर ती भावाच्या दारात गेली. शाळा हाफ डे झाल्या होत्या, त्रिवेणी साडेबाराला घरी यायची. दुपारी दोन वाजता अपार्टमेंटमधली माणसं एसी लावून झोपलेली असायची. तेव्हा मायलेकी निघायच्या. कुसुमच्या डोक्यावर चुंबळ आणि स्टीलची घागर, कमरेवर प्लास्टिकचं बिंदगं. त्रिवेणीच्या दोन्ही हातांत कॅन. डांबर असं तापलेलं असायचं की चपलेचा तळ चिकटून सुटायचा. मागच्या बाजूला गुलमोहराखाली नळ होता. मुकुंदराव गेटकडं नजर ठेवून उभा राहायचा. चार खेपा. चौथ्या खेपेला त्रिवेणीच्या तळहातांवर कॅनच्या कडीचे लाल वळ उमटायचे आणि ती ते फ्रॉकला पुसायची, जणू पुसून जातील.

असं दोन आठवडे सुरळीत चाललं. मग एका सकाळी शाळेतून फोन आला, आईनं लगेच यावं.

कुसुम परात तशीच झाकून निघाली. हाताला पीठ, पदराला राख. स्टाफरूमच्या दारात त्रिवेणी उभी होती, मान खाली. आत सुशीला मॅडम बसल्या होत्या, तारनाक्याहून येणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या, घरात मराठी बोलणाऱ्या. त्यांच्या टेबलावर दोन वह्या उघड्या होत्या.

"बसा. तुम्ही त्रिवेणीच्या आई ना?" मॅडमनी एक वही पुढं केली. "मुलांना सात दिवसांची डायरी लिहायला सांगितली होती. आपल्या घरी पाणी कुठून येतं, कोण भरतं, कशाला लागतं. ही सुप्रियाची, आणि ही तुमच्या मुलीची. अक्षरन् अक्षर तेच. वाचून दाखवू?"

मॅडम इंग्रजीतलं मराठीत सांगत गेल्या.

"रविवारी डॅडींनी पाईपनं कार धुतली. सोमवारी आमच्या वॉशिंग मशीनला तीन वेळा पाणी लागलं. आजी रोज बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालते." त्या थांबल्या. "तुमच्याकडे कार आहे?"

पलीकडं वह्या तपासणारी एक तरुण मास्तरीण खुदकन हसली आणि लगेच तोंड फिरवून घेतलं. कुसुमच्या कानशिलांना एकदम चुलीची धग लागल्यासारखं झालं. ती मुलीकडं वळली, "का केलंस गं?"

सुप्रिया तिच्याच वर्गातली, समोरच्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारी. तिचे नकाशे त्रिवेणी काढून द्यायची, म्हणून तिनं वही दिली होती.

"हे वर गेलं तर हेडमास्तर नाव काढून टाकतील," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "गेल्या वर्षी दोघांचं काढलंय. मला ते नकोय. मुलगी हुशार आहे. त्रिवेणी, इकडे बघ. चूक झाली की तिच्यावर पांघरूण घालायचं नसतं. आधी सुप्रियाची माफी माग, तिलाही तुझ्यामुळे बोलणी बसली. मग नवीन डायरी लिही, सात दिवस, तुझ्या घरची. आणि शेवटी स्वतःच्या हातानं लिही की आधीची उतरवलेली होती. साधंच लिही, पण खरं लिही. खरं लिहिणाऱ्याचं कधी काही बिघडत नाही."

मॅडम मनापासून बोलत होत्या. कुसुमला ते बोलणं इतकं पटलं की तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

खोलीत आल्यावर कुसुमचा तोल गेला.

"कार धुतली म्हणं डॅडीनं! तुझा बाप लोखंडाच्या चुऱ्यात हात काळे करायलाय आन् तू त्याला कार धुवायला लावायलीस? सोताच्या घरचं लिहायला काय झालं होतं तुला?"

"काय लिहू मग?" त्रिवेणी पहिल्यांदा बोलली. "आपण रोज दोन वाजता चोरून पाणी आणतो, ते लिहू?"

कुसुमचा हात उठला आणि पोरीच्या गालावर बसला. पिठाची पाच बोटं उमटली.

"चोरून? भावानं ओवाळणीत घातलेलं हाय ते! चोरून म्हणतीस?"

"मम्मी, टॅप त्यांचा नाहीये. सोसायटीचा आहे."

"त्याच्या हातात हाय ना? मग त्याचाच."

संध्याकाळी हिम्मतराव आला. हात केरोसीननं पुसता पुसता त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो भांडकुदळ माणूस नव्हता, शूर तर मुळीच नव्हता. नाव हिम्मतराव ठेवणाऱ्यांनी घाई केली होती, असं कुसुम त्याला येता जाता म्हणायची.

"लिही की, नळाला पाणी येतं म्हणून," तो म्हणाला. "टँकर येतो म्हणून लिही. कोण बघायला यायलंय? मास्तरणीला वही भरलेली पायजे, भर आन् मोकळी हो."

"म्हंजे पुन्हा खोटं?" कुसुम उसळली. "आत्ताच एका खोट्यापायी तोंड काळं करून आले. आता पोरगी खरं लिहिणार. मी सांगते, ती लिहील."

"सांग बाबा. मला काय." तो भिंतीला टेकला. "फकस्त मुकुंदरावाचं नाव नक्को घालू."

"का नक्को? उपकार घ्यायचे आन् नाव झाकायचं? मला न्हाई जमायचं."

हिम्मतरावानं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते त्यालाच ठाऊक. मग त्यानं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवसापासून डायरी सुरू झाली. रोज चार खेपा झाल्या की त्रिवेणी जमिनीवर पालथी पडून लिहायची आणि कुसुम भांडी घासता घासता सांगायची. कुसुमच्या आयुष्यात तिचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती बुजली. तिसऱ्या दिवसापासून तिला त्याची गोडीच लागली.

"लिही, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला. आंघोळीचं पाणी घमेल्यात धरायचं, त्यानं फरशी. पप्पाचे हात धुवायला एक तांब्या, पण तेलाचा तवंग येतो म्हणून ते कशालाच चालत न्हाई. लिहिलंस?"

"हो."

"मेसवाला म्हणला भाकरी जाड झाल्या. लिही, पाणी कमी पडलं की पीठ भिजत न्हाई नीट, भाकरीला चिरा पडतात, मग जाड थापावी लागते."

"मम्मी, थोडं स्लो बोल ना."

पाचव्या दिवशी कुसुमनं तो विषय काढला. त्रिवेणीनं पेन खाली ठेवलं.

"हे नको. सगळं लिहिलंय मी. एक जण पाणी देतात असं लिहिते."

"एक जण म्हंजे? रस्त्यावरचा भिकारी हाय का तो? मुकुंदमामा म्हणून लिही. भाऊबीजेला माझ्या ताटात त्यानं नळ घातला, हे लिही. भाऊ कसा असावा ते कळू दे मास्तरणीला." आणि पोरगी हलत नाही असं बघून तिनं मॅडमचंच वाक्य तिच्यावर टाकलं, "खरं लिहिणाऱ्याचं काही बिघडत न्हाई."

त्रिवेणीनं लिहिलं. कुसुमनं ते मोठ्यानं वाचायला लावलं, मराठीत सांगायला लावलं, नाव आलंय की नाही ते दोनदा विचारलं. सातव्या दिवशी शेवटी दोन ओळी आल्या, आधीची डायरी मी सुप्रियाची उतरवली होती, ही माझी आहे.

डायरी वाचून सुशीला मॅडमचे डोळे भरून आले म्हणे. त्यांनी कुसुमला फोन केला. जलदिनाला शाळेच्या हॉलमध्ये पालक येणार होते, त्यात ही डायरी वाचून दाखवायची होती. "तुमची परवानगी आहे ना?" असं त्यांनी रीतसर विचारलं. कुसुम हो म्हणाली. मागं त्रिवेणी दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होती.

त्या दिवशी कुसुमनं लग्नातली जांभळी साडी नेसली. हॉलमध्ये पंखे गरगरत होते, पुढच्या खुर्च्यांवर अपार्टमेंटमधली माणसं, मागच्या बाकांवर खोल्यांमधली. मॅडमनी त्रिवेणीला उभं करून वाचायला लावलं आणि प्रत्येक दिवसानंतर स्वतः थोडं समजावून सांगितलं. पोरीचा आवाज पहिल्यांदा फुटत नव्हता. पाचव्या दिवसाशी आल्यावर ती अडखळली, आईकडं बघितलं. कुसुमनं मान हलवून वाच म्हणून खुणावलं. मग टाळ्या पडल्या, चांगल्या खणखणीत. स्टाफरूममध्ये हसलेली ती तरुण मास्तरीणही टाळ्या वाजवत होती आणि कुसुमला तिच्याबद्दलचा राग विसरल्यासारखं झालं. इतकी माणसं आपल्या घागरीला टाळ्या वाजवतायत हे तिला खरंच वाटेना.

कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ तिच्याजवळ आले. शर्ट इस्त्रीचा, बोलणं मऊ. सुप्रियाचे वडील, आशिष.

"तुम्हीच का मुकुंदरावांची बहीण?"

"हौ साहेब. मानलेली हाय, पन सख्ख्यापेक्षा जास्त."

"छान, छान. रोज नेता पाणी?"

"रोज. दुपारी दोनला. बोअर आटल्यापासनं."

"रोज किती नेता साधारण?"

कुसुमनं खेपा सांगितल्या, घागरी सांगितल्या, कॅनसुद्धा सोडले नाहीत. एवढा मोठा माणूस आपल्या भावाची चौकशी करतोय, याचंच तिला कौतुक. ते अपार्टमेंटच्या असोसिएशनचे सेक्रेटरी आहेत हे त्रिवेणीला माहीत होतं. ती आईचा पदर मागून ओढत होती, आणि कुसुम तो सोडवून घेत होती.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मायलेकी निघाल्या. गेट बंद होतं. आत खुर्चीवर एक दाढीवाला तरुण अनोळखी माणूस बसला होता. गुलमोहराखालच्या नळाची मूठ काढून नेलेली, नुसता पितळेचा खुंट उरलेला.

गेटबाहेर भिंतीच्या सावलीत मुकुंदराव होता. अंगावर युनिफॉर्म नव्हता. बनियन, लुंगी, शेजारी पत्र्याची ट्रंक, गुंडाळलेली वळकटी आणि माठ. कुसुमनं त्याला बिनटोपीचा कधी बघितला नव्हता. डोक्याला मागून पूर्ण टक्कल होतं, आणि ते बघताना आपण बघू नये ते काहीतरी बघतोय असं तिला झालं.

"दादा."

"ये ताई. बस सावलीत." तो जरा सरकलासुद्धा. "सकाळी मीटिंग झाली. समद्यांनी मोबाईलवर वाचली म्हणं, पोरीची वही. फोटो काढले होते कुणी तरी. मला वाचून दाखवली साहेबांनी. चांगली लिहिली गं पोरीनं."

"दादा, मी..."

"म्हणले, आम्ही टँकर मागवायलो आन् तू वाटायलास. खरंच हाय ते. मी काय म्हणणार? अकरा वर्षं झाली." तो ट्रंकेच्या कडीशी चाळा करत राहिला. मग अगदी साध्या आवाजात, राग नाही, काही नाही, विचारलं, "नाव कशाला घातलंस गं ताई?"

कुसुमनं तोंड उघडलं, पण घशातून हवाच आली, लाईनीतल्या त्या बोअरसारखी. तिला वाटलं त्यानं शिव्या द्याव्यात, घागर लाथाडावी, काहीही करावं, पण हे सावलीत जागा करून देणं नको.

"कुठं जाणार?"

"सिकंदराबादला एक जण वळखीचा हाय, स्टेशनजवळ. बघतो काय म्हणतो ते. ह्या वयात कोण ठेवायलंय." तो उठला. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. रिकामी घागर बघितली, मग आपला माठ बघितला. "एवढा मातीचा जीव ऑटोत कुठं टिकतोय." त्यानं माठ उचलला, घागरीच्या तोंडाला लावला आणि तिरपा केला. गेटवरचा तरुण खुर्चीतून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. माठातलं पाणी खळखळत घागरीत गेलं. अर्धी घागर भरली. शेवटचे थेंब त्यानं माठ झटकून पाडले.

"ओवाळणी दिली ती दिली. आता एवढंच हाय."

त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली. त्रिवेणीच्या डोक्यावर हात ठेवायला तो थांबला, पण पोरगी एक पाऊल मागं सरली, भीतीनं नव्हे, लाजेनं. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग ट्रंकेच्या कडीवर गेला.

घरी येईपर्यंत कुसुमनं एक थेंब हिंदकळू दिला नाही. घागर कोपऱ्यात ठेवली, वर ताट झाकलं आणि ती उंबऱ्यात बसली. पत्रे तापून तडतडत होते.

त्रिवेणीनं दप्तरातून वही काढून तिच्यापुढं धरली. "मॅडमनी साईन मागितलीय. पॅरेंटची."

लाल शाईत वीसपैकी वीस. खाली मॅडमनी काहीतरी लांबलचक लिहिलं होतं. कुसुमनं ते काय आहे म्हणून विचारलं नाही.

"तू मुकुंदमामासाठीच ते सुप्रियाचं उतरवलं होतंस का गं?" तिनं विचारलं. "त्याचं नाव येऊ नये म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि आईला तेच हवंय हेही त्रिवेणीला कळत होतं.

"नाही. मला लाज वाटत होती. आपल्याला पाणी नाही, याची."

ती खरं बोलत होती. कुसुमला ते खोटं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं मांडीवर वही घेतली आणि मराठीत, एकेक अक्षर सुटं करून, सही केली. हाताला पीठ नव्हतं, तरी कागदावर घामाचं बोट उमटलं.

पाच वाजता हिम्मतराव आला. कामावर कुणी काही सांगितलं नव्हतं त्याला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं घागरीवरचं ताट बाजूला केलं, तांब्या बुडवला आणि उभ्यानंच घटाघटा प्यायला. थांबला. तांब्याकडं बघितलं. पुन्हा बुडवला.

"आज पाणी लई गार लागलं गं," तो तोंड पुसत म्हणाला. "कुठनं भरलंस? उद्या बी तिथलंच आण."